तिसऱ्या वळणावरचा संशयित

"काटा बघ, काटा! लाल रेषेला टेकला!" भोवरा मागच्या सीटवरून ओरडला.

"ओरडल्याने तो खाली येणार आहे का?" ताईने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

पण काटा खरंच चढत होता. चढाच्या पहिल्या वळणावर तो मधोमध होता. दुसऱ्या वळणावर जरासा हलला. आणि तिसऱ्या वळणावर, पिवळ्या मैलाच्या दगडापाशी, बॉनेटच्या फटीतून फुस्सकन वाफ बाहेर आली. मावशीने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"पुन्हा तिथेच!" वकील म्हणाली आणि तिने वही उघडली.

वकील म्हणजे मावशीची मुलगी. वय वर्षं अकरा. तिला काही सांगितलं की ती आधी "कशावरून?" विचारते, म्हणून सगळे तिला वकील म्हणतात. ताई आणि भोवरा ही तिची मावसभावंडं, सुट्टीला आलेली. ताई तेरा वर्षांची, समंजस. निदान तसं तिचं स्वतःचं मत आहे. भोवरा दहा वर्षांचा, आणि तो एका जागी बसलेला अजून कोणी पाहिलेला नाही.

आत्ताही तो गाडीबाहेर उडी मारून बॉनेटकडे धावला होता.

"रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही!" मावशी आतून कडाडली. "उकळतं पाणी तोंडावर उडेल. गार होईपर्यंत लांब उभा राहा!"

एवढ्यात शेजारच्या पत्र्याच्या गोदामातून भंगारवाला पाण्याचा डबा घेऊन आला. जणू तो वाटच बघत होता!

"बाई, किती दिवस पाणी पाजणार हिला?" गाडीकडे बघत तो म्हणाला. "म्हातारी थकली. देऊन टाका मला."

वकिलाने डोळे बारीक केले आणि वहीत काहीतरी खरडलं.

मावशी दवाखान्यात परिचारिका होती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ती डोंगरावरच्या वस्तीत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पट्ट्या बदलायची. वर बस जात नव्हती. जायची ती ही गाडी, आजोबांच्या वेळची, सगळ्यांची लाडकी म्हातारी. पण गेले पंधरा दिवस म्हातारी तिसऱ्या वळणाच्या पुढे पाऊल टाकत नव्हती. दोन-तीनदा मावशी तिथून बॅग घेऊन चालत वर गेली. तेव्हापासून तिचा गुडघा सुजलेलाच होता. आज तासभर थांबून, पाणी भरून गाडी पुन्हा चढवायला घेतली तर जागचं हलताच पुन्हा वाफ. शेवटी उतारावरून गुपचूप खाली यावं लागलं. खाली येताना मात्र काटा अगदी शहाण्यासारखा मधोमध!

"नाटकी आहे नुसती," भोवरा म्हणाला.

"नाटक गाडी करत नाही. कुणीतरी करवून घेतंय," वकील म्हणाली.

संध्याकाळी मावशी दवाखान्यातून परतली ती तोंड उतरवूनच. तिने टेबलावरच्या कार्ड-स्टँडमधून एक कार्ड काढलं आणि नुसतंच बघत बसली. हा स्टँड घरातच राहणाऱ्या मामाने, म्हणजे तिच्या भावाने, तिला करून दिला होता. लाकडी फळीवर जाड तारेची आडवी वेटोळी बसवलेली, आणि प्रत्येक वेटोळ्यात एकेका पेशंटचं कार्ड.

"काय झालं, आई?" वकिलाने विचारलं.

"मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, शुक्रवारीही वर पोचला नाहीत तर सोमवारपासून डोंगरावरची फेरी बंद. पेशंटनी खाली यायचं." मावशीने कार्ड टेबलावर ठेवलं. "घड्याळवाले आजोबा कसे येतील गं खाली? पायाची जखम उघडी आहे त्यांच्या. वेळेवर पट्टी बदलली नाही तर चिघळते. पाय जाईल त्यांचा!"

मावशी कधी रडत नसे, पण आज तिचा आवाज कापला. ते ऐकून वकिलाने वहीत 'शुक्रवार' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मामा कोपऱ्यात वहीच्या पाठीला खळ लावत होता. एरवी मामाची जीभ घटकाभर गप्प बसत नाही. आज तो मान खाली घालून एकाच वहीला तीन-तीनदा खळ लावत राहिला. हे ताईच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोवरा धापा टाकत गच्चीवर आला.

"मामा! गाडीपाशी! बॉनेट उघडून!"

तिघांनी कठड्यावरून डोकावून पाहिलं. मामा गाडीत वाकला होता. त्याने खिशातून रुमाल काढला, आत कुठेतरी पुसला, रुमाल उजेडात धरून पाहिला. मग इकडेतिकडे बघत बॉनेट अलगद लावलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात शीळ घालत घरात गेला.

"अरे बापरे!" भोवरा कुजबुजला. "मामा तर पाणी काढून घेत नसेल?"

"कशावरून?" वकील म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. मामा तिचा फार लाडका होता.

मामाचा धंदा वह्या-पुस्तकं बांधायचा. घरात काही फेकायला निघालं की तो ओरडायचा, "टाकू नका, लागेल!" फुटक्या चाळणीचा दिवा, मोडक्या छत्रीचं कपडे वाळत घालायचं झाड, सगळं त्याचंच. मात्र गाडीला हात लावायची त्याला सक्त मनाई होती. मागे त्याने वायपर दुरुस्त केला होता आणि नंतर आठवडाभर ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा!

"मामाचं नंतर बघू," ताई म्हणाली. "आधी परक्यांना गाठू."

त्यांनी आधी भंगारवाल्याला गाठलं. भोवऱ्याने त्याला सरळच विचारलं, "तुम्ही आमच्या गाडीला काही करता का?"

भंगारवाला इतका हसला की त्याला खोकला आला. "अरे बाळा, मी करतो ते एवढंच, की वाफ दिसली की डबा भरतो. माझ्या आईचं दुखणं तुझ्या मावशीने काढलं. गाडी विकत मागतो ती तिचे हाल बघवत नाहीत म्हणून. आणि काय रे, धावत्या गाडीला मी गोदामात बसून काय करणार? मंत्र टाकणार?"

हे मात्र बिनतोड होतं. वकिलाने त्याचं नाव खोडलं.

मग गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. शेवटचा उपाय म्हणून मावशीने गाडी त्या दिवशी त्यांच्याकडेच सोडली होती. मिस्त्रींची शेड लहान पण चकचकीत. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आणि प्रत्येक पाना आपापल्या आकृतीवर. मिस्त्री एकटेच काम करायचे. "मदतनीस ठेवला की तो बोलतो," असं त्यांचं म्हणणं. मुलांना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्रीकाका, गाडीला काय झालंय?" ताईने गोड आवाजात विचारलं.

"काही झालेलं नाही! रेडिएटर धुतला. थर्मोस्टॅट नवा घातला. पंख्याचा पट्टा बदलला. तासभर इथे चालू ठेवली, काटा मध्यावरून हलला नाही. मी काय जादू करू?"

"मग चढावर का तापते?"

"चढाला विचार!"

वकील गाडीत डोकावून बघत होती. इंजिन जुनं, धुळकट, तेलकट. सगळे पाइप करडे पडलेले. पण रेडिएटरच्या बुडापासून इंजिनाकडे जाणारा एक जाड रबरी पाइप मात्र काळाकुळकुळीत, नवाकोरा.

"हा पाइप तुम्ही बदललात?"

"मी नाही. तुझ्या आईने शहरात कुठे बदलून घेतला असेल."

"कधी बदलला असेल?"

"मला काय ठाऊक? मुलीच्या लग्नाला गेलो होतो, चार दिवस शेड बंद होती. आलो तर पाइप नवा. बरा बसवलाय, गळत नाही. आता पळा!"

रस्त्यावर आल्यावर भोवरा म्हणाला, "मिस्त्रीच चोर! बघितलंस, किती चिडले? गाडी बिघडलेली राहिली की आपलं काम चालू!"

"शू! ऐकतील ना!" ताईने त्याचा कान धरला. पण मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

रात्री जेवताना वकिलाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू गाडीचा खालचा पाइप बदलून घेतलास?"

"मी कशाला? मिस्त्रींनीच बदलला असेल."

ठण्ण! मामाच्या हातातून पाण्याचं भांडं खाली पडलं.

"हात निसटला," मामा म्हणाला आणि फडकं आणायला गेला. तो बराच वेळ परत आलाच नाही.

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. मिस्त्री म्हणतात मावशीने, मावशी म्हणते मिस्त्रींनी, आणि पाइप तर बदललेला आहे. पाइपाला काही पाय फुटत नाहीत!

"पण नवा पाइप घालणं हा गुन्हा कसा?" ताई अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली. "नवा तर चांगलाच ना?"

वकील छताकडे बघत होती. शुक्रवार उजाडायला फक्त झोपेचं अंतर उरलं होतं.

शुक्रवारी सकाळी मावशी दवाखान्यात गेल्याबरोबर तिघं शेडवर हजर!

"पुन्हा आलात?" मिस्त्री वैतागले. गाडी चालू होती आणि ते काट्याकडे डोळे लावून बसले होते. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ते बघून ताईला पहिल्यांदाच वाटलं, की हा माणूस खोटं बोलत नसावा. जो फसवतो तो इतका थकत नाही.

"मिस्त्रीकाका, एकच प्रश्न," वकील म्हणाली. "चढावर इंजिन जोरात फिरतं ना? मग इथे तुम्ही तसं फिरवून बघितलंत?"

"बघितलं की! दहा वेळा ॲक्सिलरेटर दाबला."

"तेव्हा तुम्ही सीटवर होतात?"

"मग काय छपरावर बसून दाबू?"

"आणि बॉनेट उघडं होतं?"

"होतं."

"मग तुम्ही दाबत होतात तेव्हा इंजिनाकडे कोण बघत होतं?"

मिस्त्रींनी मान वर करून समोर पाहिलं. सीटवरून समोर फक्त उघडलेल्या बॉनेटचं पत्र्याचं भिंताड दिसत होतं. बॉनेटशी येऊन बघावं तर पाय ॲक्सिलरेटरवरून सुटलेला, इंजिन पुन्हा संथ.

"कोणी नाही," ते हळूच म्हणाले.

"आम्ही बघतो!" भोवरा उडालाच.

"पंख्यापासून दोन हात लांब! ओढणी, वेणी, बाही, काही लोंबकळता कामा नये!" मिस्त्री गरजले. त्यांनी तिघांना बाजूला जमिनीवर खडूची रेघ मारून दिली. "या रेषेच्या पुढे ज्याचा पाय आला, तो घरी! पाइप, पट्टा, पंखा. एकेकाने एकेक बघायचं. काय दिसेल ते ओरडायचं."

ताईकडे पट्टा, भोवऱ्याकडे पंखा, वकिलाकडे तो काळाकुळकुळीत पाइप. इंजिन चांगलं गरम झालं होतं. मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली, मग डरकाळी फोडू लागली. शेडचे पत्रे थरथरले.

"पट्टा ठीक!"

"पंखा ठीक!"

वकील रेषेमागूनच पुढे झुकली. तिचे डोळे विस्फारले होते.

"पाइप!" ती किंचाळली. "पाइप चपटा होतोय! गाल आत ओढल्यासारखा! अगदी चिकटला!"

मिस्त्री दार उघडून धावत पुढे आले. पण पाय सुटला, इंजिन संथ झालं, आणि पाइप पुन्हा गोल, गुबगुबीत, साळसूद! जणू त्या गावचाच नव्हे!

"शपथ! आत्ता चपटा होता!"

मिस्त्रींनी फडक्याने धरून पाइप दाबला. तो मळलेल्या कणकेसारखा दबला. मिस्त्री तिथेच खुर्चीवर बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आत स्प्रिंग नाही! पोरांनो, स्प्रिंगच नाही! इंजिन जोरात फिरलं की पंप याच पाइपातून पाणी खेचतो. रबर गरम होऊन मऊ पडलेलं. आतून आधार नसला की पाइप मिटतो, पाणी अडतं, इंजिन तापतं. गाडी थांबली की पाइप पुन्हा फुगतो. मी बघायला येईपर्यंत चोर साधू होऊन बसलेला! नव्या पाइपात स्प्रिंग नसते, जुन्यातली काढून घालायची असते. कुणी केलं हे?"

"स्प्रिंग कशी दिसते?" ताईने विचारलं.

मिस्त्रींनी हवेत बोट फिरवलं. "जाड तार. वीतभर लांब. सैल सैल वेटोळी."

भोवरा पहिल्यांदाच एका जागी थिजून उभा राहिला. मग तिघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

"कार्ड-स्टँड!"

मिस्त्रींसह तिघं घराकडे धावली, आणि वाटेत त्यांनी दवाखान्यातून मावशीलाही सोबत घेतलं. "पडद्यामागे उभं राहायचं आणि शिंकायचंसुद्धा नाही," असं वकिलाने तिला आणि मिस्त्रींना बजावलं. मग ती एकटीच मामाच्या खोलीत शिरली. मामा पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता.

"मामा, आईचा कार्ड-स्टँड कसला भारी केलायस! मलाही एक करून दे ना."

मामाचा चेहरा उजळला. "वा! या घरात कुणाला तरी कलेची कदर आहे!"

"तार बाजारातून आणू?"

"बाजारातून? छे, छे! असली तार बाजारात शोधून मिळायची नाही. मुळातलीच वेटोळी, अस्सल पोलाद! ती निघाली गाडीच्या पाइपातू—"

मामाचा ब्रश हवेतच थांबला. खळीचा एक थेंब त्याच्या पायावर पडला.

"कुठल्या पाइपातून, मामा?" वकिलाने शांतपणे विचारलं.

पडदा सरकला. मावशीला बघून मामा पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या मागे सरकला.

"तू पुन्हा गाडीला हात लावलास?"

"अगं, ऐक तरी! जुना पाइप तडकला होता. टपटप गळत होता. मिस्त्री लग्नाला गेलेले. सकाळी तुझी फेरी! चुकू नये म्हणून मी नवा आणून घातला. रोज रुमालाने पुसून बघतो, थेंब गळत नाही! जुना चिरला तर आत ही तार. मला वाटलं, दुकानात पाइप चेमटू नये म्हणून घालत असतील, नव्या बुटात कागदाचे बोळे घालतात तसे!"

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. भोवरा पोट धरून हसायला लागला. मावशीला रागवावं की हसावं कळेना. "माझ्या फेरीसाठीच केलंस आणि माझीच फेरी बुडवलीस," ती म्हणाली, आणि मामाचा चेहरा पार पडला.

"माझ्या लक्षातच नाही आलं गं," तो पुटपुटला.

"रडगाणं नंतर," मिस्त्री म्हणाले. "स्टँड आणा!"

कार्डं टेबलावर काढून स्टँड रिकामा झाला. स्प्रिंग सोडवली, घासली, पुसली आणि शेडवर नेल्यावर पाइपात जाऊन बसली. मिस्त्रींनी पाणी भरलं, झाकण लावलं. या वेळी ॲक्सिलरेटर दाबायला त्यांनी मामाला बसवलं, आणि स्वतः खडूच्या रेषेमागे मुलांबरोबर उभे राहिले. डरकाळी झाली. पाइप गोलच्या गोल!

दुपारी गाडी निघाली. पुढे मावशी आणि बॅग सांभाळणारा मामा, मागे तिघं. पहिलं वळण. काटा मध्यावर. दुसरं वळण. काटा मध्यावर. आता तिघं पुढे वाकून काट्याकडे बघत होती. भोवऱ्याने तर श्वाससुद्धा धरून ठेवला.

पिवळा दगड आला. भंगारवाला भरलेला डबा घेऊन तयारच होता. गाडी त्याच्यासमोरून खणखणत निघून गेली, आणि तो इतका चकित झाला की सगळा डबा त्याच्याच पायांवर पालथा!

"गेली! गेली!" भोवरा खिडकीतून ओरडला. मामाने चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला.

घड्याळवाल्या आजोबांचं घर वस्तीच्या टोकाला होतं. गाडी थांबण्याआधीच त्यांचं दार उघडलेलं होतं, आणि ते काठी टेकत चौकटीत उभे होते.

"आजोबा, तुम्हाला कसं कळलं आम्ही येतोय?" ताईने विचारलं.

"या गाडीचा आवाज मला तिसऱ्या वळणापासून ऐकू येतो. मग मी उठून दार उघडतो. मला पोचायला तेवढाच वेळ लागतो." ते खुर्चीत बसले आणि पाय पुढे केला. "हे पंधरा दिवस आवाज तिसऱ्या वळणापर्यंत यायचा, आणि थांबायचा. मी दार उघडून उभा राहायचो. मग पुन्हा लावून घ्यायचो."

मावशी खाली वाकून पट्टी सोडवत होती. मामा दारातच बॅग छातीशी धरून उभा होता.

"आजोबा, ते माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी स्प्रिंग काढली. मला माफ करा."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वकिलाने सगळी हकीकत सांगितली, पहिल्या वाफेपासून पडद्यापर्यंत. आजोबा कान देऊन ऐकत होते.

"शाबास!" ते म्हणाले. "साठ वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. बिघडलेलं घड्याळ बघायचं ते चालू असताना, हे शिकायला मला दहा वर्षं लागली. तुम्ही दोन दिवसांत शिकलात."

"वेळेवर आलो," मावशी जखम बघून म्हणाली. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं." तिने मुलांकडे पाहिलं आणि वकिलाला जवळ ओढून घेतलं.

संध्याकाळी परतताना ते शेडवर थांबले. ताईने मान खाली घालून कबूल केलं, "मिस्त्रीकाका, आम्ही तुमच्यावर संशय घेतला होता."

"ऐकलं होतं मी. या भोवऱ्याचा आवाज शेडच्या आतपर्यंत येतो," मिस्त्री म्हणाले. पण ते हसत होते. "मदतनीस बोलतात म्हणून मी ठेवत नव्हतो. आता कळलं, बोलणाराच पाहिजे. सुट्टी संपेपर्यंत येत जा. रेषेच्या मागे!"

आणि मामा? निघताना आजोबांनी त्याला एका कायमच्या बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळातली मोठी स्प्रिंग दिली होती, नवा स्टँड करायला. मामाने ती हातात घेतली, दोनदा फिरवून पाहिली, आणि दारापर्यंत जाऊन परत आला.

"आजोबा, नक्की ना?" त्याने विचारलं. "ही कुणाला लागत नाही ना?"